कॅसेटवरचे गाड्यांचे गेम : चित्रण आणि फिजिक्स

टीव्हीला जोडायच्या आठ-बिट खेळयंत्रांवरील शर्यतीच्या खेळांना मराठवाड्यात सर्रास ‘गाडीचे गेम’ म्हटले जाई. घरोघरी आलेली ही यंत्रे बहुतांशी निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये जपानात विक्रीस आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. एकाच कॅसेटवर अनेक खेळ भरलेले असल्याने ‘एफ-१ रेस’ आणि ‘एक्साइटबाइक’ (दोन्ही निन्टेन्डो, १९८४) व ‘रोड फायटर’ (कोनामी, फॅमिकॉमवर १९८५) हे तिन्ही खेळ पुष्कळदा एकाच बैठकीत खेळून होत. लातूर असो की हिंगोली, उन्हाळ्याच्या सुट्टीत रिमोटसाठी पाळी लावून बसलेल्या मुलांत कोणता गेम ‘खरा’ वाटतो, हा वाद त्यामुळे आपसूकच निघे.

या तिन्ही खेळांना यंत्राच्या मर्यादा सारख्याच होत्या. चित्र २५६ × २४० ठिपक्यांचे असे, कामाची स्मृती (रॅम) अवघी २ किलोबाइट असे आणि एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे उमटू शकत. तुकडे आठाच्या वर गेले की उरलेले दिसेनासे होत. गाड्यांची गर्दी झाल्यावर चित्र लुकलुके ते यामुळे, कॅसेटला फुंकर मारून त्यात काही फरक पडत नसे. तेव्हा खरी तुलना करायची ती एवढ्याशा सामग्रीतून कोणत्या खेळाने काय साधले याची.

चित्रणात ‘एफ-१ रेस’ सरस ठरतो. रस्ता खेळाडूच्या समोरून दूर क्षितिजाकडे जातो आणि वळतो, पण त्यामागे खरे त्रिमितीचे गणित नाही. टीव्हीवर चित्र रेषेरेषेने उमटत असताना प्रोग्राम प्रत्येक रेषा थोडी डावी-उजवीकडे सरकवतो आणि त्या सरकण्यातूनच वळणाचा भास होतो. हे काम एचएएल लॅबोरेटरी या खेळ बनवणाऱ्या जपानी कंपनीतील सातोरू इवाता यांचे. पुढे ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. फिजिक्स, म्हणजे गाडीच्या हालचालीचे नियम, मात्र बेताचे आहे : वळणावर वेग जास्त असेल तर गाडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. एवढा एकच नियम असला तरी वेग कधी कमी करायचा, हे तो शिकवतो.

‘रोड फायटर’मध्ये रस्ता वरून दिसतो. पार्श्वभूमी खाली सरकवण्याची सोय यंत्रातच असल्याने चित्रणासाठी फारसे काही करावे लागत नाही, पण रस्ता कायम स्वच्छ दिसतो. वेगाचा आकडा ४०० पर्यंत चढतो, इंधन सतत घटत राहते आणि रंगीत गाडी गाठली की ते पुन्हा भरते. दुसऱ्या गाडीचा धक्का बसला किंवा तेलाच्या डागावरून चाक गेले की गाडी घसरते. वेळीच बाण दाबला तर सावरते, नाही तर कडेला आदळून फुटते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर ज्यांनी मोटारसायकल घसरताना अनुभवली आहे, त्यांना तो अर्ध्या क्षणाचा अवधी ओळखीचा वाटेल.

फिजिक्सच्या बाबतीत मात्र ‘एक्साइटबाइक’ला तोड नाही. चित्र सपाट, बाजूने दिसणारे आणि मोजक्या रंगांचे, पण यातल्या मोटारसायकलचे वागणे बाकीच्या दोन खेळांतल्या गाड्यांपेक्षा कितीतरी सखोल आहे. उंचवट्यावरून हवेत गेलेल्या गाडीचे तोंड बाणाने वर-खाली करता येते. ज्या उतारावर उतरायचे त्याच्याशी दोन्ही चाके जुळली तर वेग टिकतो. पुढचे चाक आधी टेकले तर स्वार कोलमडतो आणि गाडीपर्यंत परत धावावे लागते. जादा वेगाचे बटण दाबून धरले की इंजिन तापते आणि मर्यादेबाहेर गेले की गाडी काही वेळ बंद पडते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक लागले तर आपणच पडतो, हा नियमही अचूक पाळला आहे. देखण्या चित्रापेक्षा हातात गाडीचे वजन जाणवणे मोठे, हे या खेळाने १९८४ मध्येच दाखवून दिले होते.

वेगाविषयी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. या खेळांत गाडीचे सरकणे घड्याळावर नव्हे, तर पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रामागे मोजले जाते. जपानी टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रे उमटत, तर भारतातील टीव्हीच्या ‘पाल’ (PAL) प्रक्षेपण पद्धतीत ५०. म्हणून हा हिशेब न बदललेली कॅसेट आपल्याकडे एक षष्ठांशाने संथ चाले, आणि जपानात पाच सेकंदांत संपणारा रस्ता कापायला परभणीतल्या टीव्हीवर, वेगाचा आकडा तोच दिसत असूनही, सहा सेकंद लागत.