अलीशा खोटं बोलला का?

नंदुरबार-नवापूरकडच्या प्रार्थनासभेत हा प्रश्न निघाला की वाद ठरलेला. बायबलातल्या २ राजे ८:१० मध्ये संदेष्टा अलीशा आजारी बेन-हदाद राजाला ‘बरा होशील’ असा निरोप धाडतो आणि त्याच वचनात ‘तो मरणार’ म्हणतो. विसंगती? मुळीच नाही. राजाने विचारलं होतं एवढंच, की या दुखण्यातून मी उठेन का. पंधरावं वचन वाचा: निरोप नेणाऱ्या हजाएलनेच दुसऱ्या दिवशी ओलं कापड तोंडावर टाकून त्याला संपवलं. ताप उतरलेला माणूस बांधाच्या भांडणात जिवानिशी गेला, तर डॉक्टर खोटा ठरतो का?

खरी मेख मूळ हिब्रूत, निरोपाच्या वाक्यातल्या एका शब्दात आहे. लिखित पाठात (जसा लिहिलाय) तो ‘नाही’, वाचनाच्या पाठात (परंपरेने जसा वाचतात) ‘त्याला’. उच्चार दोन्हींचा ‘लो’च. पहिला धरला, तर ‘तू वाचणार नाहीस’ असाही अर्थ निघतो.