ग्लूबॉलचे वस्तुमान: पन्नास वर्षांच्या गणिताची पार्श्वभूमी

बीजिंगच्या बेस-३ या कणभौतिकीच्या प्रयोगाने २०२४ मध्ये 'एक्स(२३७०)' या कणाचे स्पिन (अंगभूत फिरक) आणि पॅरिटी (आरशातल्या प्रतिमेसारख्या उलटापालटीत चिन्ह धन राहते की ऋण होते) निश्चित केली आणि ग्लूबॉलची, म्हणजे केवळ ग्लुऑनांपासून बनलेल्या कणाची, चर्चा पुन्हा सुरू झाली. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी ही बातमी वाचली असेल, तर २३७० या आकड्याचे (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात कणाचे वस्तुमान) एवढे महत्त्व का, हेही समजून घ्यायला हवे. अशा कणाचे वस्तुमान साधारण किती असावे, याचे उत्तर गणिताने प्रयोगाच्या कितीतरी आधी काढून ठेवले होते.

प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या क्वार्कना ग्लुऑन बांधून ठेवतो. त्याला स्वतःला वस्तुमान नाही. प्रकाशाचा कण असलेल्या फोटॉनलाही नाही, पण फोटॉनवर विद्युतभार नसतो, ग्लुऑनवर मात्र रंगभार (क्वार्कना बांधणाऱ्या बलाचा भार) असतो. त्यामुळे ग्लुऑन ग्लुऑनलाच धरून ठेवू शकतो आणि क्वार्क नसतानाही कण घडू शकतो. त्याचे वस्तुमान येते ते आत कोंडलेल्या ऊर्जेतून. हाराल्ड फ्रिट्श आणि मरे गेल-मान या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही शक्यता सुचवली. १९७५ मध्ये फ्रिट्श आणि पीटर मिन्कोव्स्की यांनी तिचा सविस्तर विचार केला. वजन किती, हे मात्र कागद-पेन्सिलीने निघेना. ऊर्जेच्या या पातळीवर बल इतके तीव्र असते की नेहमीची टप्प्याटप्प्याने दुरुस्त्या करत जाण्याची रीत कोलमडते. ग्लुऑन एका पिशवीत कोंडले आहेत असे धरून जॅफी आणि जॉन्सन यांनी सर्वांत हलका ग्लूबॉल सुमारे १ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा (म्हणजे १००० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा) काढला. आज तो आकडा फार कमी वाटतो.

खरी वाट केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये दाखवली: अवकाश आणि काळ दोन्हींची जाळी करायची, म्हणजे त्यांचे सुटे बिंदू मानून त्यांवर हिशेब करायचा. १९८० च्या सुमारास मायकेल क्रॉइट्झ यांनी या जाळीवर संगणक चालवून दाखवला. पण ग्लूबॉल फार चिवट निघाला. त्याचे वस्तुमान वाचायचे ते असे: एका क्षणी ग्लुऑन-क्षेत्रात खळबळ करायची आणि काही पावलांनंतर तिचा माग किती उरला ते पाहायचे. कण जितका जड, तितका माग झपाट्याने विरतो. जाळीचे अंतर ०.१ फेम्टोमीटर असेल तर हलक्यात हलक्या ग्लूबॉलचाही माग दर पावलाला निम्म्याहून खाली येतो, गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. चार-पाच पावलांत हाती काहीच उरत नाही.

म्हणून १९९० च्या दशकातले आकडे एकमेकांशी भांडत होते. ब्रिटिश गटाने १५५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट सांगितले, तर आयबीएमच्या ५६६ प्रोसेसरांच्या जीएफ-११ यंत्रावर काम करणाऱ्या गटाने १७४०. तिढा सोडवणारी युक्ती साधी होती आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात तीच सर्वांत देखणी. कॉलिन मॉर्निंगस्टार आणि माइक पिअर्डन यांनी जागेची जाळी जाडच ठेवली आणि काळाची पावले तीन ते पाच पट बारीक केली. माग विरण्याआधी वाचायला पुरेशी पावले मिळाली. १९९९ मध्ये त्यांनी स्पिन शून्य आणि धन पॅरिटी असलेला ग्लूबॉल १७३०, स्पिन २ चा २४०० आणि स्पिन शून्य, ऋण पॅरिटीचा २५९० असे आकडे दिले. प्रोटॉन ९३८ चा. म्हणजे वस्तुमान नसलेल्या कणांपासून बनलेला सर्वांत हलका गोळाही त्याच्या जवळजवळ दुप्पट जड!

या मोजणीत क्षेत्राच्या निरनिराळ्या रचनांतून कणाशी सर्वाधिक जुळणारे मिश्रण निवडावे लागते. त्यासाठी रचनांच्या सहसंबंधांच्या सारणीचे कर्णीकरण करतात, म्हणजे तिला फक्त कर्णावर आकडे उरतील अशा रूपात आणतात. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्ये यादृच्छिक फलनांच्या विस्तारासाठी याच जातीचा विचार मांडला होता. ग्लूबॉलशी त्याचा थेट संबंध नाही, तरी हे गणित शिकवताना गोव्यातल्या वर्गात ते नाव घेतले जावे असे मला मनापासून वाटते.

१९९९ च्या आकड्यांना एक मोठी अट होती: त्या हिशेबात जोड्यांनी निर्माण होणारे आणि विरणारे क्वार्क नव्हते. निसर्गात ते आहेत. त्यामुळे हलका ग्लूबॉल सारख्याच गुणांच्या क्वार्ककणांत मिसळतो. एफ-शून्य(१५००) आणि एफ-शून्य(१७१०) या प्रयोगांत सापडलेल्या कणांत त्याचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. ऋण पॅरिटीचा ग्लूबॉल २३०० ते २६०० च्या पट्ट्यात अपेक्षित होता. एक्स(२३७०) त्याच पट्ट्यात आणि त्याच स्पिन-पॅरिटीचा निघाला, म्हणून एवढी उत्सुकता. वस्तुमान जुळले, पण तो कण कशाकशात आणि किती वेळा फुटतो याचा क्वार्कसहित हिशेब जाळीवर पुरा व्हायचा आहे.