‘वीज पडली’ की ‘तार पडली’? वादळानंतर मदतीचा अर्ज करण्याआधी

ढगातली ती वीज आणि तारेतली तीही वीजच. बोलताना अडत नाही, अर्जात हमखास अडतं. वळवाच्या वादळात बैल दगावला की लोक ‘विजेने मृत्यू’ एवढं लिहून मोकळे होतात. मग तहसीलमधला टेबलवाला म्हणतो महावितरणकडे जा, तिथला म्हणतो तहसीलला जा. या येरझाऱ्यांत पेरणी उरकते, अर्ज जागचा हलत नाही.

आकाशातून पडली असेल तर ‘वीज पडून’ असंच लिहा. हे काम महसूल खात्याचं. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) पंचनामा करतो, पुढचं तहसील कार्यालय बघतं. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या सरकारी आपत्ती-मदतीच्या निकषांत माणसाच्या मृत्यूला 4 लाख, दुधाळ गाय किंवा म्हशीला 37,500, बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये ठरले होते. मोठी दुधाळ जनावरं असतील तर त्याच निकषांत मदत तीन जनावरांपर्यंतच. पाच गेली तरी तीनच.

तुटलेल्या तारेने जीव गेला असेल तर ‘विद्युत वाहिनीची तार तुटून शॉक लागल्याने’ असं लिहा आणि अर्ज महावितरणच्या उपविभागात द्या. इथे सगळं अडतं ते विद्युत निरीक्षकांच्या अहवालावर. हे निरीक्षक कंपनीचे नाहीत, राज्याच्या ऊर्जा विभागाचे आहेत. दोष वाहिनीचा की तुमच्या घरच्या वायरिंगचा, हे ते ठरवतात. आकडा टाकलेला असेल तर फार आशा धरू नका.

अपघाताची खबर निरीक्षकांना 24 तासांत द्यायची असते. ती कंपनीने द्यायची, पण “वायरमन स्वतः येऊन बघून गेला की” याला कागदावर शून्य किंमत आहे. वायरमन बिचारा चार गावं सांभाळतो, त्याच्या लक्षात राहीलच असं नाही. त्याच दिवशी 1912 वर तक्रार करून तिचा क्रमांक टिपून घ्या. लेखी अर्ज द्या आणि पोचीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. साहेब जेवायला गेले असतील तर बसून राहा.

बरेच अर्ज फेटाळले जातात ते जनावराच्या कानातल्या बिल्ल्यापायी (टॅगपायी). 1 जून 2024 पासून टॅग नसलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही, मग ते वीज पडून गेलेलं असो की शॉक लागून. मेल्यावर टॅग मारून चालत नाही. गोठ्यात बिनबिल्ल्याचं जनावर असेल तर याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

माणूस गेला असेल तर पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन लागतंच. घरचे ते नको म्हणतात, आणि त्या घडीला त्यांना समजावणं कठीण असतं. पण त्या कागदाशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण ‘राखून’ (म्हणजे पुढच्या तपासणीपर्यंत न ठरवता) ठेवलं असेल तर अंतिम अहवालासाठी पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल. वारस दाखला, आधार, पासबुक ही नेहमीची भरती.

पंचनाम्याआधी काही हलवायचं नाही, आणि स्वतःचा जीव वाचवायचा असेल तरी कशाला हात लावायचा नाही. लाईट गेली म्हणजे तार मेली असं नसतं. उपकेंद्रातून फीडर (तिथून निघणारी वीजवाहिनी) पुन्हा चालू करून बघतात आणि चिखलात पडलेली तार क्षणात जिवंत होते. जनावर सोडवायला धावलेला मालकही तिथेच आडवा झाल्याच्या घटना घडल्या आहेत. ओल्या जमिनीत पायाला झिणझिण्या आल्या तर पळू नका, लांब टांग टाकू नका. पाय जोडून सरकत मागे या. लाईन बंद केल्याचं वायरमन सांगेपर्यंत पोरांना आणि कुत्र्यांनाही लांब ठेवा. फोटो लांबूनच काढा, तार आणि जनावर एकाच चौकटीत येईल असा. बिल्ल्याचा जवळून फोटो मात्र लाईन बंद झाल्यावरच, आणि जनावर पुरायच्या आधी.