नाइल किनिक : युद्धाआधीची वर्षं

अमेरिकी फुटबॉलपटू नाइल किनिकचा जन्म ९ जुलै १९१८ चा, आयोवा राज्यातल्या एडेल या छोट्या गावातला. आईचे वडील जॉर्ज क्लार्क राज्याचे गव्हर्नर राहिलेले. तरीही महामंदीत शेतीचा कणा मोडला तो मोडलाच. वडिलांनी शेजारच्या नेब्रास्का राज्यात, ओमाहाला नोकरी धरली आणि १९३४ मध्ये घर तिकडे हललं. एडेलमध्ये हा मुलगा बेसबॉलही खेळायचा. पुढे वेगवान गोलंदाजीसाठी नाव कमावणारा बॉब फेलर शेजारच्याच गावचा, आणि त्याचे चेंडू पकडायला मागे किनिक असायचा.

१९३६ मध्ये तो आयोवा विद्यापीठात आला. तिथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन अंगावर धावून जाण्याचा अमेरिकी खेळ, आणि किनिक तर बुटका, सडपातळ. १९३८ मध्ये संघाने आठपैकी एकच सामना जिंकला. पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक एडी अँडरसन आले. हाताशी खेळाडू मोजकेच, म्हणून तीच पोरं अख्खा सामना खेळायची. लोक त्यांना ‘आयर्नमेन’, म्हणजे पोलादी माणसं, म्हणू लागले. बलाढ्य नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धचा सामना त्यांनी ७-६ असा जिंकला. सहा गुण किनिकनेच धावून मिळवले. मग चेंडू हातातून जमिनीवर सोडून, तो उसळताच लाथ मारून सातवाही त्यानेच काढला. मला त्याचा सगळा पिंड या एका गुणात दिसतो.

अभ्यासातही तो पहिल्या फळीतला होता. डिसेंबर १९३९ मध्ये न्यूयॉर्कला त्याला हाइजमन करंडक मिळाला, सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा. युरोपात तेव्हा युद्ध पेटलेलं. आपला जन्म तिथल्या रणांगणासाठी नव्हे, इथल्या मैदानासाठी झाला, याबद्दल त्याने भाषणात देवाचे आभार मानले. श्रोते अक्षरशः भारावले.

व्यावसायिक फुटबॉल नाकारून तो कायदा शिकायला गेला. पण तेही एकच वर्ष. युद्ध टळावं असं मनापासून वाटणारा हा तरुण नौदलाच्या राखीव दलात दाखल झाला आणि पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या तीनच दिवस आधी सेवेत रुजू झाला.

२ जून १९४३ रोजी व्हेनेझुएलाजवळ सरावाच्या उड्डाणात त्याच्या विमानातून तेलगळती झाली. ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजावर परतणं अशक्य झालं, म्हणून त्याने विमान समुद्रात उतरवलं. तो सापडला नाही. वय २४. पुढच्याच वर्षी धाकटा भाऊ बेन, तोही वैमानिक, युद्धात कामी आला.