किल्ली लपवणे आणि किल्ली अभंग राखणे

साठवलेल्या खाजगी किल्लीच्या, म्हणजे डिजिटल सही करण्यासाठी किंवा संदेश उलगडण्यासाठी मालकाने गुप्त ठेवायच्या संख्येच्या, सुरक्षिततेविषयी विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : किल्ली पासफ्रेज (लांब पासवर्ड) आणि एईएस-२५६ हा सायफर वापरून कूटबद्ध केलेली आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. छेडछाडीचे काय, असे पुढे विचारले की दुसरे ठरलेले वाक्य येते : ज्याला फाइल वाचताच येत नाही तो ती बदलून काय मिळवणार? फार तर किल्ली बिघडेल, मग बॅकअप आहेच. ही समजूत चुकीची आहे आणि ती सावध माणसांच्या लिखाणातही वारंवार आढळते, हे अधिक खटकते.

कूटबद्धीकरण वाचकाला परिचित आहे असे धरतो. ते किल्ली लपवते, एवढेच त्याचे काम. सीटीआर या कूटबद्धीकरणाच्या एका मोडमध्ये कूटमजकुराचा एक बिट उलटवला की मूळ मजकुराचा नेमका तोच बिट उलटतो, आणि उलगडताना प्रोग्रॅम कोणतीही तक्रार करत नाही. फाइल बदलली गेली आहे हे कळण्यासाठी गुप्त किल्लीवर आधारलेला वेगळा टॅग, म्हणजे मजकुरावरून काढलेली तपासणीची खूण, लागतो. तो एचमॅक या पद्धतीने मिळतो किंवा जीसीएमसारख्या मोडमध्ये कूटबद्धीकरणाबरोबरच तयार होतो.

खरी गफलत मात्र पुढेच आहे. छेडछाडीने किल्ली नुसती बिघडत नाही, ती उघडी पडू शकते. व्लास्तिमिल क्लिमा आणि टोमाश रोसा या चेक तज्ज्ञांनी २००१ मध्ये ओपनपीजीपी या संदेश कूटबद्ध करण्याच्या आणि सही करण्याच्या मानकाच्या किल्ली-फाइलवर हे दाखवून दिले. त्या फाइलमध्ये डीएसए या सही-पद्धतीची गुप्त संख्या कूटबद्ध असते, परंतु तिच्या शेजारचे सार्वजनिक घटक, म्हणजे मोठी मूळसंख्या पी, १६० बिटांची मूळसंख्या क्यू आणि पाया जी, उघडे ठेवलेले असतात, कारण ते गुप्त नसतातच. हल्लेखोर गुप्त भागाला हातही लावत नाही. तो पी काढून तिच्या जागी १५९ बिटांची अशी मूळसंख्या ठेवतो की तिच्यातून एक वजा केल्यास उरणाऱ्या संख्येचे सर्व मूळ अवयव लहान असावेत, आणि जी त्यानुसार बदलतो. पुढच्या वेळी मालक आपली पासफ्रेज देऊन एखाद्या संदेशावर सही करतो. फाइल बिनतक्रार उलगडते आणि सही तयार होते. ती पडताळणीत टिकत नाही, पण हल्लेखोराला ती टिकण्याची गरजही नसते. प्रत्येक सहीसाठी निवडली जाणारी यादृच्छिक संख्या एरवी असाध्य गणितामागे दडलेली असते. इथे ते गणित इतके सोपे झालेले असते की सहीच्या पहिल्या अर्ध्यावरून ती संख्या काढता येते, आणि ती कळली की दुसऱ्या अर्ध्यातून खाजगी किल्ली साध्या बीजगणिताने सुटते. एक सही पुरते. पासफ्रेज कितीही लांब असली आणि सायफर कितीही भक्कम असला तरी या हल्ल्यात त्यांच्यावर प्रहारच होत नाही.

हे जुने प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. झुरिकच्या ईटीएचमधील संशोधकांनी २०२२ मध्ये मेगा या साठवण-सेवेत याच जातीचा दोष दाखवला. तिथे वापरकर्त्याची आरएसए पद्धतीची खाजगी किल्ली ईसीबी मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक खंड सुटा, कूटबद्ध होऊन, कोणत्याही टॅगशिवाय सर्व्हरवर राहत होती; सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिचे काही खंड बदलून ती परत पाठवली, तर क्लायंटच्या, म्हणजे वापरकर्त्याकडील प्रोग्रॅमच्या, उत्तरांवरून ५१२ लॉगिनमध्ये पूर्ण किल्ली हाती येत होती.

चेकसम आणि साधा हॅश (गुप्त किल्लीशिवाय काढलेला मजकुराचा ठसा) यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन बाइटांची बेरीज डिस्कवरची चूक पकडते, माणसाचा हेतू पकडत नाही. फाइलशेजारी उघडा ठेवलेला एसएचए-२५६ हॅश हल्लेखोर स्वतःच नव्याने काढून लिहितो. तरीही याला ‘छेडछाड-संरक्षण’ म्हटले जाते, ते थांबायला हवे.

टॅगने काय व्यापावे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ओपनपीजीपीच्या २००७ च्या मानकात कूटबद्ध भागाच्या आत एसएचए-१ हॅश ठेवण्याची सोय झाली होती, पण तो हॅश फक्त गुप्त संख्यांवर काढलेला होता; सार्वजनिक घटक पूर्वीसारखेच मोकळे राहिले आणि २०२२ मध्ये ब्रुसेघिनी, हाउगेन्स आणि पॅटरसन या संशोधकांनी त्याच वाटेने काही प्रचलित लायब्ररींवर पुन्हा हल्ले दाखवले. आरएफसी ९५८० या ओपनपीजीपीच्या २०२४ च्या मानकात टॅगसह कूटबद्धीकरणाची तरतूद असून त्यात सार्वजनिक घटकही टॅगला बांधले जातात. माझा आग्रह याच रचनेचा आहे : अल्गोरिदमचे नाव, सार्वजनिक घटक, किल्लीचा उपयोग आणि तिची ओळख हे सर्व टॅगखाली आले पाहिजे. एईएस की-रॅप ही पद्धत गुंडाळलेल्या किल्लीची अखंडता उत्तम तपासते, परंतु बाहेरची माहिती तिला जोडता येत नाही. म्हणून ही किल्ली सहीसाठी की उलगडण्यासाठी, हे सांगणारे लेबल बाहेर ठेवायचे असल्यास मी एसआयव्ही किंवा जीसीएम हे, अशी माहिती टॅगखाली घेणारे मोड निवडतो. टॅग जुळण्याआधी उलगडलेला एकही बाइट गणितात जाऊ नये, आणि सही बाहेर देण्यापूर्वी ती वेगळ्या, विश्वासार्ह ठिकाणी ठेवलेल्या सार्वजनिक किल्लीने पडताळावी.

एक गोष्ट मात्र टॅगच्या आवाक्याबाहेर राहते. हल्लेखोराने आजची फाइल काढून गेल्या वर्षीची, तेव्हा योग्य टॅग असलेली फाइल ठेवली, तर ती तपासणीत बिनदिक्कत उत्तीर्ण होते आणि रद्द केलेली किल्ली पुन्हा वापरात येते. त्यासाठी फाइलची आवृत्ती टॅगमध्ये बांधून तिचा चालू आकडा डिस्कबाहेर, टीपीएम या संगणकातील सुरक्षा-चिपमधील फक्त वाढत जाणाऱ्या गणकासारख्या जागी ठेवावा लागतो.