दहा मिनिटं सावकाश पेडल, आणि मेंदूला तरतरी

डोळ्याची बाहुली फक्त उजेडालाच दाद देते असं नाही. १६ गुणिले २३ मनातल्या मनात करून पाहा. उत्तर सापडेपर्यंत बाहुली किंचित मोठी झालेली असते. हेस आणि पोल्ट यांनी १९६४ मध्ये हे मोजून दाखवलं. मेंदू किती जागा आहे, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच खूण व्यायामाला लावली. तरुणांना १० मिनिटं व्यायामाच्या सायकलवर बसवलं, पण जोर अगदीच बेताचा. शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं, त्याच्या जेमतेम ३० टक्के. एवढ्यात धाप सोडाच, गप्पासुद्धा थांबत नाहीत. तरी बाहुल्या मोठ्या झाल्या! मग स्ट्रूप चाचणी झाली. हिच्यात ‘लाल’ हा शब्द हिरव्या रंगात लिहिलेला असतो, आणि लक्ष द्यायचं ते रंगाकडे. डोळा आधी शब्द वाचून मोकळा होतो, त्याला आवरताना वेळ जातो. हलक्या व्यायामानंतर हा अडखळण्याचा वेळ कमी झाला, कपाळामागच्या डाव्या भागाची हालचालही वाढली. मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा निष्कर्ष: पेडल मारताना ज्यांची बाहुली जास्त मोठी झाली, त्यांना फायदाही जास्त झाला.

यामागे संशय आहे तो ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, ‘लोकस सेरुलियस’ या इवल्याशा केंद्रावर. चेतापेशी काही दहा हजारच, पण त्यांचे तंतू जवळजवळ अख्ख्या मेंदूत पसरलेले. तिथून नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सुटतं आणि मेंदू सावध होतो. अर्थात बाहुलीवर इतर केंद्रांचाही ताबा चालतो, त्यामुळे हा पुरावा आडवाटेचाच.

मग जोर वाढवला तर तरतरीही वाढत जाईल? तसं सरळ गणित नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. अवघड काम शिकताना त्यांना मधलीच उत्तेजना मानवली, फार झाली की चुका वाढल्या. जोरकस व्यायामात तणावाची संप्रेरकं उसळतात. हलक्या व्यायामात तो गोंधळ फारसा होत नाही.

हे प्रयोग थोड्याच, तेही निरोगी तरुणांवर झालेत, आणि मोजला तो व्यायामानंतर लगेचचा परिणाम. हृदयाचा दम वाढवायचा असेल तर एवढ्यावर भागत नाही. तिथे घाम गाळावाच लागतो.