जुन्या फौजी तेलाचा डबा आणि बंदूक : पार्श्वभूमी

खंडेनवमी जवळ आली की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत परवान्याच्या बंदुका पुसायला निघतात. फौजी भंगारातून आलेल्या तेलाचा जुना सीलबंद डबा कुणाकडे तरी असतोच. ते तेल वापरावं का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात वनस्पती तेल आणि प्राण्यांची चरबी चालायची. दोन्ही हवेत चिकट होतात, खटका जड होतो. स्पर्म व्हेलचं तेल सहसा चिकट होत नसे आणि थंडीत गोठत नसे, म्हणून त्याला फार मान होता. 1970 मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त ठरवला आणि ते तेल मागे पडलं. इंग्रजांच्या बंदुकांना ब्रह्मदेशातलं खनिज 'रंगून ऑइल' लागायचं. खनिज तेल बंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतं. जुन्या डब्यावर लोकांचा विश्वास आहे तो यामुळेच, आणि तो बराचसा रास्त आहे.

ब्रिटिश फौजेच्या .303 रायफलीच्या दस्त्यात, पितळी झाकणाआड, तेलाची छोटी कुपी बसायची. तिच्या फिरकीच्या बुचालाच एक इवलासा चमचा जोडलेला असे, म्हणजे थेंब नेमका हवा तिथेच पडावा. सोबत नळी पुसायला दोरी आणि फलालीनची चिंदी. पण गोळीबारानंतर आधी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, असा ब्रिटिश फौजेचा शिरस्ता होता. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार उरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. हा अर्धा भाग लोक विसरले, तेल तेवढं लक्षात राहिलं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ही चूक फार महागात पडते.

तेव्हा डबा उघडलात तर थोडं तेल काचेवर पसरून काही दिवस ठेवा. चिकट साय धरली, खवट वास आला किंवा डब्याच्या तळाशी पाणी दिसलं, तर ते बिजागरीलाही नको. स्वच्छ राहिलं तर साठवणीच्या बंदुकीवर पातळ हात द्यायला ते उत्तम. गाडीतून काढलेलं काळं इंजिन ऑइल मात्र कृपा करून लावू नका, त्यात आम्ल आणि धातूचा कीस असतो. आणि ठासणीच्या बंदुकीतून बार काढला असेल, तर आजही आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं आणि शेवटी तेल.